चाळीस कागदांवरचा उंचवटा

“मॅडम, तुम्ही जरा लांब बसा.”

अहिररावांनी हे माझ्याकडे न बघता म्हटलं, आणि मी मनातल्या मनात त्यांच्या नावापुढे फुली मारली. तपासणीला आलेल्या माणसाला जो लांब बसवतो त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझे वडील रेल्वेत तिकीट तपासनीस होते. आमच्याकडे पाहुणा आला, तरी तो कुठल्या गाडीने आला आणि ती गाडी खरंच त्या वेळेला येते का, याची खात्री आधी करून घेतली जाई. संशय आमच्या घरात वरणातल्या हिंगासारखा होता, थोडाच पण रोज.

“लांब म्हणजे किती?” मी विचारलं.

“त्या खिडकीशी. साडी नायलॉनची आहे ना?”

“असेल. मग?”

“मग खिडकीशीच बसा.”

मी सत्तावीस वर्षांची होते, मुंबईहून आले होते, आणि माझ्या एका सहीवर त्या कारखान्याची सहा महिन्यांची मेहनत पास किंवा नापास होणार होती. पन्नाशीचा एक तंत्रज्ञ मला साडीवरून बोलतो म्हणजे काय? पण मी खिडकीशी जाऊन बसले. शिकार सावध करायची नसते, असं बाबा म्हणायचे.

ही एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत देवस्थळी नावाच्या गृहस्थांचा छोटा कारखाना होता. आमची कंपनी बंदरांवर रडार बसवायची आणि त्या रडारसाठी लागणाऱ्या खास केबली देवस्थळी बनवत. चाळीस केबली तयार होत्या. प्रत्येकीबरोबर तिच्या चाचणीचा एक कागद होता, त्यावर यंत्राने काढलेला आलेख आणि खाली ‘मोजमाप करणाऱ्याची सही’ या रकान्यात अहिररावांचं नाव. यशवंत शं. अहिरराव, गोल, शाळामास्तरी अक्षरात.

कागद मला मुंबईतच मिळाले होते आणि तिथेच माझ्या नाकाला वास लागला होता. चाळीसही आलेखांमध्ये डावीकडून तिसऱ्या चौकटीत एक छोटा उंचवटा होता. जागा तीच, उंची तीच, आकारही तोच. पुढची रेघ सपाट. हाताने बनवलेल्या चाळीस वस्तू इतक्या सारख्या कशा असतील? चाळीस भाकऱ्या थापल्या तरी दोन सारख्या येत नाहीत. मी आमच्या मुंबईच्या साहेबांना म्हटलं, या माणसाने एकच केबल मोजली आहे आणि तिच्या कागदाच्या प्रती काढून खाली सह्या ठोकल्या आहेत. साहेब म्हणाले, जा आणि बघून या. तसं असेल तर तो माणूस या धंद्यात परत उभा राहणार नाही.

तर मी खिडकीशी बसून बघत होते. टेबलावर ते यंत्र होतं. विजेची हालचाल पडद्यावर काढून दाखवणारा वीस गिगाहर्ट्झचा डिजिटल ऑसिलोस्कोप, तेव्हाही जुनाच. परदेशातली कुठलीशी प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा देवस्थळींनी लिलावात घेतलेला. एक मोठी पेटी, तिच्यात पडदा आणि घुंईं करणारा पंखा. तिच्यापासून जाड दोरासारखी केबल निघून एका छोट्या पेटीला गेलेली, आणि या छोट्या पेटीच्या तोंडावर करंगळीच्या पेराएवढा एक सोनेरी जोड. मोजायची केबल त्या जोडाला लावायची.

अहिररावांनी मनगटात एक पट्टा बांधला. पट्ट्याची तार टेबलाच्या पत्र्याला जोडली. मग खिशातून किल्ली काढून खण उघडला, खणातून डबी, डबीतून केबल. केबलीचं टोक आधी पत्र्याला टेकवलं, क्षणभर तसंच धरलं, आणि मग जोडाकडे नेलं.

“हे काय करता?” मी लांबूनच विचारलं.

“हिच्यात साठलेली वीज उतरवतो. थंडीत हवा कोरडी असते. नुसती घासली तरी केबल भारली जाते. तुमची साडीसुद्धा. या छोट्या पेटीत जे आहे ना, ते फार नाजूक. बोटाची ठिणगी बसली तरी गेलं. नवीन मिळत नाही.”

“म्हणून मी लांब.”

“म्हणून तुम्ही लांब.”

उत्तर तयार होतं. मला तयार उत्तरं आवडत नाहीत. मी वहीत लिहिलं, ‘जवळ येऊ देत नाही. खणाला कुलूप.’

“हे यंत्र चालतं कसं ते सांगा,” मी म्हटलं. मला थोडंफार माहीत होतं, तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं माझं. पण समोरच्याला बोलू द्यावं, खोटं बोलणारा जास्त बोलतो.

अहिररावांचा चेहरा मात्र उजळला. बहुधा त्यांना हे कुणी विचारतच नसावं.

“तुम्ही इथल्या ओढा स्टेशनजवळच्या रेल्वे फाटकात उभ्या आहात असं समजा,” ते म्हणाले. “गाडी सुसाट जाते. तुमच्याकडे कॅमेरा आहे, पण तो एका गाडीमागे एकच फोटो काढतो, तोही चिंचोळा, खिडकीएवढा. मग काय कराल? पहिल्या दिवशी इंजिनाचं नाक घ्याल. दुसऱ्या दिवशी गाडी आली की पापणी लवण्याइतकं थांबून जरा मागचा भाग. तिसऱ्या दिवशी आणखी मागचा. पाचशे दिवसांनी पाचशे फोटो शेजारी शेजारी लावले की अख्खी गाडी झाली.”

“आणि हे यंत्र तसं करतं?”

“तसंच. एवढ्या वेगाचं काही सलग बघायची याची ताकदच नाही. हे केबलीत विजेचा एक धक्का सोडतं. धक्का जिथे अडखळतो तिथून थोडा मागे येतो. परत आलेलं हे मोजतं, पण एका धक्क्याला एकच ठिपका. पुढच्या धक्क्याला किंचित उशिरा, पुढचा ठिपका. पडद्यावर दिसते ती रेघ नाही मॅडम, ते ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका वेगळ्या धक्क्याचा.”

“म्हणजे गाडी रोज तीच पाहिजे.”

“हां. एक दिवस डबा कमी लागला तर चित्र चुकलं.” ते हसले. “माहितीपुस्तक इंग्रजीत आहे, चारशे पानं. सहा वर्षांपूर्वी शब्दकोश घेऊन बसलो होतो. अजून दहा पानं कळली नाहीत.”

मी वहीत लिहिलं, ‘पाठ केल्यासारखं बोलतो.’ आज ती ओळ आठवली की मला माझीच कीव येते.

“बरं,” मी म्हटलं, “तिसऱ्या चौकटीतला उंचवटा कसला?”

“जोडाचा. हा सोनेरी तुकडा आहे ना, त्याचा. धक्का तिथे जरा अडखळतो. केबल त्याच्यापुढे सुरू होते.”

“चाळीसही कागदांवर तोच?”

“जोड एकच आहे. उंचवटा बदलेल कसा?”

ते शक्य होतं. पण शक्य असणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. बिनतिकीट प्रवाशाचं पाकीट चोरीला गेलेलं असणंही शक्य असतं.

मी देवस्थळींच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांना सगळा संशय स्पष्ट सांगितला. देवस्थळी साठीचे, गोरेपान, बोलायला अतिशय मऊ. कागद पुढ्यात घेऊन ते बराच वेळ उंचवट्याकडे बघत राहिले.

“जोडामुळे येतो म्हणतात अहिरराव,” मी म्हटलं. “जेवण झालं की त्यांना माझ्यासमोर एक केबल मोजू द्या. उंचवटा आला तर प्रश्न मिटला. आणि त्या जोडाची कागदपत्रंही काढून ठेवा.”

“अगदी, अगदी,” देवस्थळी म्हणाले. “शितावरून भाताची परीक्षा. तुम्ही जेवून घ्या. डबा मागवलाय तुमच्यासाठी.”

मी केबिनमध्ये जेवले. अहिरराव बाहेर चिंचेखाली बसून आपला डबा खात होते. दोन वाजता आम्ही तिघं यंत्राशी जमलो.

अहिररावांनी पट्टा बांधला, केबलीचं टोक पत्र्याला टेकवलं, आणि जोडाकडे नेता नेता त्यांचा हात थांबला. ते वाकले. चष्मा वर करून जोडाकडे डोळे बारीक करून बघू लागले.

“काय झालं?” मी विचारलं.

“हा जोड आपला नाही.”

“आपला नाही म्हणजे?”

“सकाळी होता तो हा नाही. आपल्याच्या कडेला बारीक ओरखडा आहे. हा नवा आहे.” त्यांनी देवस्थळींकडे पाहिलं. “साहेब?”

देवस्थळी मऊ आवाजात म्हणाले, “जोड तोच आहे, अहिरराव. मोजा तुम्ही.”

“पण साहेब—”

“मॅडमना उशीर होतोय.”

अहिररावांनी केबल लावली. पडद्यावर ठिपके उमटू लागले, डावीकडून उजवीकडे, मुंग्यांची रांग लागावी तसे. पहिली चौकट, दुसरी, तिसरी. तिसऱ्या चौकटीत काहीच नव्हतं. रेघ सरळ पुढे गेली.

मी अहिररावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता, आणि मी त्याचा अर्थ मला हवा तो लावला.

“उंचवटा कुठे गेला?” मी विचारलं.

“जोड बदललाय, मॅडम. मी सांगतो ना. जोड बदललाय.”

“तुमचे मालक सांगतात तोच आहे.”

“मी मोजल्यात. चाळीसही मोजल्यात मी. एकेकीला वीस वीस मिनिटं बसलोय.” आवाज चढला नव्हता त्यांचा. उलट प्रत्येक वाक्यागणिक खाली जात होता. “तुम्ही जोडाकडे बघा. जवळ येऊन बघा.”

सकाळी लांब बसवत होता, आता जवळ बोलावतो, असं माझ्या मनात आलं. मी गेले नाही. जोड तरी मला काय कळणार होता? सकाळचा मी लांब खिडकीशी बसून पाहिला होता.

देवस्थळी म्हणाले, “अहिरराव, तुम्ही घरी जा. उद्या सकाळी किल्ल्या आणून द्या.”

अहिररावांनी मनगटावरचा पट्टा सोडला, गुंडाळला, खणात ठेवला. खणाला कुलूप लावलं. नंतर ते बराच वेळ देवस्थळींकडे बघत उभे होते, आणि देवस्थळी टेबलाच्या पत्र्याकडे. तेव्हा तरी मला काही सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण माझा अंदाज खरा ठरल्याचा आनंद झाला होता मला. पाच वाजता मी मुंबईला फॅक्स केला. ‘चाचणीचे कागद बनावट. जबाबदार व्यक्ती तंत्रज्ञ वाय. एस. अहिरराव.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉजच्या खोलीत सविस्तर अहवाल लिहायला बसले. मला पक्का पुरावा जोडायचा होता. दोन कागद एकमेकांवर तंतोतंत बसतात हे दाखवलं की विषय संपला. खिडकी पूर्वेला होती आणि ऊन थेट काचेवर आलं होतं. मी एक नंबरचा कागद काचेला लावला, त्याच्यावर दोन नंबरचा. चौकटीवर चौकट जुळवली. उंचवट्यावर उंचवटा बसला, अगदी जसाच्या तसा.

पण रेघ जाड दिसू लागली.

मी डोळे काचेजवळ नेले. एका कागदावरचे ठिपके दुसऱ्या कागदावरच्या ठिपक्यांवर पडत नव्हते. कुठे केसभर वर, कुठे केसभर खाली, कुठे दोघांच्या मधे फट. वळण एक, पण ठिपके वेगळे. मी दोन नंबर काढून सात नंबर लावला. तेच. एकोणीस, तेवीस, चाळीस. प्रत्येक वेळी उंचवटा जुळायचा आणि ठिपके जुळायचे नाहीत.

मी पलंगावर बसले. प्रत्येक ठिपका वेगळ्या धक्क्याचा, असं तो माणूस म्हणाला होता. रोजच्या गाडीचा रोज वेगळा फोटो, तो किंचित हलणारच. कागदाची प्रत काढली असती तर ठिपक्यावर ठिपका बसला असता, रेघ जाड झालीच नसती. या चाळीस कागदांमधला प्रत्येक कागद यंत्राने स्वतंत्र काढला होता. तो माणूस चाळीस वेळा यंत्रासमोर बसला होता, वीस वीस मिनिटं.

आणि हे कागद महिनाभर माझ्या टेबलावर होते. मी रेघ पाहिली होती, ठिपके पाहिलेच नव्हते. साप साप म्हणून भुई धोपटली होती, आणि ती भुई म्हणजे एक जिवंत माणूस होता. उंचवटा खरा असेल तर जोडही खरंच बदलला होता, आणि तो अहिररावांनी बदललेला नव्हता.

रिक्षाने मी कारखान्यात पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. अहिरराव देवस्थळींच्या केबिनमध्ये उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. मी काही न बोलता दोन कागद केबिनच्या खिडकीला लावले आणि म्हटलं, “देवस्थळी, इकडे या आणि बघा. मग काल दुपारी काय केलंत ते सांगा.”

त्यांनी पाहिलं. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही, यंत्र त्यांचंच होतं.

“जुन्या जोडाचं प्रमाणपत्र मार्चमध्येच संपलं होतं,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “तुम्ही कागदपत्रं मागितलीत. नव्याची होती माझ्याकडे. वाटलं, बदलून टाकू, कुणाच्या लक्षात येणार आहे. नव्यालाही उंचवटा येईलच असं धरून चाललो.”

“पडद्यावर आला नाही तेव्हा तर कळलं?”

ते टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले, “तेव्हा बोललो असतो तर सगळा माल परत गेला असता. दोष एका माणसावर गेला तर निदान नव्या जोडावर परत मोजून देता आला असता.”

“म्हणून माणूस घालवलात.”

“सांगणार होतो मी. तुम्ही मुंबईला गेलात की अहिररावांना परत बोलावणार होतो.”

मी अहिररावांकडे वळले. त्यांच्या वयाच्या माणसाची माफी मागायची मला सवय नव्हती, तरी मागितली. म्हटलं, माझी चूक झाली, मी आत्ता मुंबईला फोन करते, कालचा फॅक्स मागे घेते. त्यांनी ऐकून घेतलं.

“ठिपक्यांनी सांगितलं म्हणून पटलं तुम्हाला,” ते म्हणाले. “काल मी तेच सांगत होतो.”

मी काचेवरचे दोन्ही कागद काढले आणि टेलिफोन पुढे ओढला.

फोन केला. साहेब भडकले, आणि त्यांचं बरोबर होतं. शेवटी म्हणाले, जुना जोड आणि नवा जोड दोन्ही लावून चाळीसच्या चाळीस केबली परत मोजून घ्या, तुमच्या डोळ्यांसमोर, आणि नव्या कागदांवर रीतसर सह्या आणा. नाहीतर माल परत. मी ते अहिररावांना कसं सांगावं या विचारात होते, तर ते आधीच खणाशी जाऊन पट्टा बांधत होते.

“तुम्ही नाही म्हणू शकता,” मी म्हटलं.

“माल माझ्या हातचा आहे. त्याच्यात खोट नाही, हे दिसू दे.”

तीन दिवस लागले. मी सुती साडी नेसून त्यांच्या शेजारी बसत होते. त्यांनी मला लांब बसा म्हटलं नाही, जवळ या असंही म्हटलं नाही. केबल काढायची, पत्र्याला टेकवायची, जोडायची. ठिपके उमटायचे. जुन्या जोडाला उंचवटा यायचा, नव्याला नाही. दोन्ही आलेखांचा मिळून एक कागद बाहेर यायचा आणि ते तो माझ्यासमोर सरकवायचे. देवस्थळी दिवसातून दोनदा येऊन चहा झाला का विचारून जात. एकदा म्हणाले, “अहिरराव, झालं गेलं विसरा आता. सोमवारपासून नेहमीसारखं सुरू करू.” अहिररावांनी मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी चार वाजता चाळिसावी केबल झाली. चाळीसही उत्तम होत्या, एकीतही दोष नव्हता. त्यांनी पट्टा सोडला, यंत्राचं बटण बंद केलं, पंखा हळूहळू थांबला. सोनेरी जोडावर त्यांनी प्लॅस्टिकचं टोपण बसवलं आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

मी कागदांचा गठ्ठा त्यांच्यापुढे केला आणि पेन उघडून दिलं. “तेवढ्या सह्या.”

त्यांनी पेन घेतलं नाही.

“सही तुम्ही करा, मॅडम.”

“मोजलं तुम्ही आहे. रकाना तुमचा आहे.”

“आधीच्या चाळीसांवर होती की माझी सही,” ते म्हणाले. “उपयोग झाला?”

“अहिरराव, हे कागद सहीशिवाय घेणार नाहीत. माल परत जाईल.”

“म्हणून तर म्हणतो, तुम्ही करा. तुमची चालते.”

त्यांनी खुर्ची टेबलाखाली सरकवली, डब्याची पिशवी घेतली आणि निघाले. देवस्थळी दारात आडवे आले, त्यांचा दंड धरून काहीतरी म्हणाले. अहिररावांनी हळूच हात सोडवून घेतला आणि चिंचेखाली लावलेली सायकल काढली. ते सोमवारी आले नाहीत, आणि नंतरही कधी आले नाहीत. त्या यंत्रावर बसणारा दुसरा माणूस देवस्थळींना मिळाला नाही असं पुढे कानावर आलं. अहिररावांचं काय झालं ते मला कुणी सांगू शकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या संध्याकाळी देवस्थळी केबिनमध्ये डोकं धरून बसले होते आणि मी यंत्रासमोर एकटी. पुढ्यात चाळीस नवे कागद. प्रत्येकाच्या तळाशी छापलेलं, ‘मोजमाप करणाऱ्याची सही’. मी त्या यंत्राला तीन दिवसांत बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी एकेक कागद ओढला आणि सही केली. चारुता ग. दाणी. चाळीस वेळा.

पुढे मी या नोकरीत एकवीस वर्षं काढली आणि खोटे कागद पुष्कळ पकडले. पास केले ते एवढेच चाळीस. मोजणारी म्हणून त्यांच्यावर माझं नाव आहे, आणि मुंबईत ते कुणीही काचेला लावून पाहिले नाहीत.